बारीक पिवळी गोळी

आईला माझ्या वेळचं सगळं आठवतं. म्हणजे अगदी सगळंच. तिसऱ्या महिन्यात आंबट बिंबलांचे डोहाळे लागले होते आणि शेजारणीच्या परसातली बिंबलं मिठाला लावून ती न्हाणीच्या मागे उभी राहून खायची. कदंबाच्या बसमध्ये होंड्याच्या वळणावर उलटी झाली तेव्हा कंडक्टरनं स्वतःचा रुमाल दिला. सातव्या महिन्यात ओटी भरताना कुणाच्या तरी हातातून नारळ पडला आणि तो कुणाचा हात होता हे ती अजून नावानिशी सांगते, त्या बाई जाऊन दहा वर्षं झाली तरी. १९८५ सालची गोष्ट आहे ही, वाळपईची.

पण मी जेव्हा विचारलं की आई, तेव्हा तू गोळ्या कुठल्या घेत होतीस, तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "ल्हानशी हळदुवी गुळी." आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत, गोव्यात हे असंच असतं. तर, पिवळी, बारीक गोळी. डॉक्टर कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे, रोज एक, पहिले काही महिने. नाव? "नांव कोण विचारता गो दोतोराक?"

माझ्याआधी तिचं एक गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात. म्हणून ती गोळी. म्हणजे निदान आईच्या डोक्यात तरी ती "पोर टिकण्याची" गोळी होती.

आता हे चाळीस वर्षांनी विचारायचं कारण काय, तर माझी शुगर. मुलीच्या वेळेला, २०१८ मध्ये, मला प्रेग्नन्सीतला डायबेटिस निघाला होता, डिलिव्हरीनंतर गेला, आणि आता पुन्हा बॉर्डरवर येऊन बसलाय. फोंड्याला ज्या डॉक्टरांकडे मी जाते त्यांच्याकडे नवीन पेशंटचा एक फॉर्म असतो. त्यात खाली बारीक अक्षरात तीन प्रश्न: तुमचं जन्माच्या वेळचं वजन किती, तुमच्या आईला तेव्हा शुगर होती का, आणि आईनं गरोदरपणात कुठली औषधं घेतली होती. मी तिन्ही जागा रिकाम्या सोडल्या. घरी आल्यावर त्या रिकाम्या जागाच डोक्यात फिरायला लागल्या. माझ्या शरीराबद्दलचे प्रश्न, आणि उत्तरं ठाऊक असायची ती दुसऱ्याला, तीही पुडी बांधून देणाऱ्या एका डॉक्टरला, जो आता हयात नाही.

मग काय, रात्री सगळे झोपल्यावर मोबाईल घेऊन बसले. आणि पहिल्याच रात्री डीईएस सापडलं.

डीईएस म्हणजे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, प्रयोगशाळेत बनवलेलं इस्ट्रोजेन, बायकी हार्मोन. १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं, आणि पेटंट घेतलं नाही, म्हणजे कुठल्याही कंपनीनं बनवावं. स्वस्त, तोंडातून घेता येणारं. अमेरिकेत चाळीसच्या दशकापासून ते गर्भपात होऊ नये म्हणून गरोदर बायकांना द्यायला सुरुवात झाली, विशेषतः ज्यांचं आधी एखादं गेलंय अशांना. (इथे मी मोबाईल उलटा ठेवून पाणी प्यायले.) १९५३ मध्ये शिकागोत विल्यम डीकमन नावाच्या डॉक्टरनं नीट तुलना करून पाहिली, काही बायकांना खरी गोळी आणि काहींना खोटी, आणि निघालं असं की या गोळीनं गर्भ टिकायला काहीही मदत होत नाही. झालं, इथे गोष्ट संपायला हवी होती ना? नाही संपली. पुढची अठरा वर्षं गोळी चालू राहिली.

१९७१ मध्ये बॉस्टनचे आर्थर हर्बस्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक छोटासा पेपर लिहिला. योनीमार्गाचा एक दुर्मिळ कॅन्सर, जो तोवर म्हाताऱ्या बायकांत क्वचित दिसायचा, तो आठ अगदी तरुण मुलींना झाला होता. सगळ्या १९४६ ते १९५१ मध्ये जन्मलेल्या. त्यांनी प्रत्येक मुलीसोबत त्याच सुमाराला जन्मलेल्या चार निरोगी मुली घेतल्या आणि सगळ्यांच्या आयांना खोदून खोदून विचारलं. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनंही नाही. त्याच वर्षी अमेरिकेनं गरोदर बायकांना ते देऊ नका म्हणून सांगितलं. कॅन्सर तसा थोड्यांनाच झाला, अशा हजार मुलींत साधारण एकीला, पण पुढे दिसत गेलं की बाकीच्यांत गर्भाशयाचा आकार वेगळा, मूल राहायला त्रास, राहिलं तर दिवस भरायच्या आधी येणं, आणि मुलग्यांतही अंडकोषांच्या तक्रारी.

ज्या बाईनं गोळी घेतली तिला तो कॅन्सर झाला नाही. आतल्या मुलीला झालं, तेही वीस वर्षांनी.

पण मला या सगळ्यात अडकवून ठेवलं ते एका छोट्या गोष्टीनं. हा धागा आधी डॉक्टरांना सुचलाच नव्हता. त्या मुलींपैकी एकीच्या आईनं विचारलं होतं, की मी तेव्हा अमुक गोळी घेत होते, तिच्यामुळे तर नसेल? त्या बाईला गोळीचं नाव आठवत होतं.

माझ्या आईला नारळ पाडणारीचं नाव आठवतं.

असो. मी स्वतःला समजावलं की १९८५ मध्ये वाळपईच्या डॉक्टरनं, अमेरिकेत बंद होऊन चौदा वर्षं झालेली गोळी कशाला दिली असेल. आणि मला तसलं काही झालेलंही नाही. कॉलेजात असताना पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा तो हार्मोनचा घोळ, निघालं होतं तेवढंच, ते तर वर्गातल्या निम्म्या मुलींना होतं असं वाटायचं. मग तेही गुगल केलं, आणि तिथेही पोटातलंच प्रकरण! गाभण माकडिणींना आणि मेंढ्यांना पुरुषी हार्मोन देऊन पाहिलंय शास्त्रज्ञांनी, त्यांच्या पिल्लांत मोठेपणी पीसीओडीसारखीच लक्षणं दिसतात, अनियमित पाळी, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर. माणसांत तसंच होतं असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण रात्री दीड वाजता "म्हणता येत नाही" वगैरे वाचायच्या मनःस्थितीत कोण असतं.

आणि त्यातच दुसरी एक गोष्ट कळली जी कधीतरी शाळेत शिकले असणार पण डोक्यात शिरली नव्हती. मुलीच्या शरीरातली सगळी बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. म्हणजे माझी मुलगी ज्या बीजांडातून झाली ते १९८५ मध्ये, वाळपईत, आईच्या पोटातल्या माझ्या पोटात होतं. म्हणजे ती पिवळी गोळी आम्ही तिघींनी खाल्ली, एकाच घोटात.

आता थोडं वारेबद्दल. वार म्हणजे ती, जी बाळामागून पडते आणि जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला वाटायचं ती एक प्रकारची गाळणी असेल. पण वाचल्यावर ती मला पत्रादेवीच्या चेकनाक्यासारखी वाटायला लागली. गोव्यातून बाहेर पडताना कुणाची गाडी सोडतात, कुणाची डिकी उघडायला लावतात, तसं. साखर? जाऊ दे, हात पण दाखवत नाहीत. आईचं इन्सुलिन? परत फिर. आईचं थायरॉइड? थोडं सोडतात, कारण पहिले तीन-चार महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते आणि त्याच्या मेंदूला ते हवंच असतं. आणि कॉर्टिसॉल, म्हणजे टेन्शनमध्ये वाढणारं हार्मोन, त्याची बाटली नाक्यावरच ओतून टाकतात, तिथे एक एन्झाइम बसवलेलं असतं जे कॉर्टिसॉलला निरुपयोगी करतं. सगळं नाही, पण बरंचसं.

माझी गडबड झाली ती साखरेत. सव्विसाव्या आठवड्यात लॅबमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी दिलं, उलटी होऊ नये म्हणून त्यात लिंबू पिळलं, ते घोट घोट प्यायले आणि दोन तास बाकड्यावर बसले. दोन तासांनी शुगर १४० च्या खाली हवी, माझी १६२. डॅनिश डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी पन्नासच्या दशकात जे सांगितलं ते साधारण असं, की आईची जास्तीची साखर नाका ओलांडून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही, मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवायला लागतं, आणि इन्सुलिन हे पोटात असताना वाढीचं हार्मोन म्हणून काम करतं. बाळ चरबी साठवतं, मोठं होतं.

माझी ३ किलो ९०० ग्रॅमची झाली. सगळे खूष. सासूबाईंची मैत्रीण म्हणाली, "कशी गुटगुटीत, जाहिरातीतली!" आणि त्याच वेळेला आतल्या खोलीत नर्स त्या जाहिरातीतल्या बाळाच्या टाचेला दर थोड्या वेळानं टोचून शुगर बघत होती, कारण नाळ कापल्याबरोबर आईकडून येणारी साखर बंद होते पण बाळाचं इन्सुलिन मात्र जुन्या हिशोबानं चालूच राहतं, आणि शुगर धाडकन खाली येते. तिची ३८ झाली होती एकदा. त्या टाचेवर निळे ठिपके पडले होते. मी मोजले होते, सात.

ॲरिझोनातल्या पिमा जमातीच्या लोकांवर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. त्यात त्यांनी सख्खी भावंडं घेतली, आई तीच, बाप तोच, फक्त एक मूल आईला डायबेटिस व्हायच्या आधी जन्मलेलं आणि दुसरं नंतर. नंतरच्याला पुढे डायबेटिस होण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त निघाली. म्हणजे निव्वळ घराण्यात आहे म्हणून नव्हे, त्या नऊ महिन्यांमुळे. आणि ती मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की पुन्हा तेच पुढे.

आपल्याकडे, म्हणजे गोव्यात, हे जास्तच टोचतं. २०२३ मध्ये आयसीएमआरचा जो मोठा सर्व्हे आला त्यात देशात डायबेटिसचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. तेव्हा सगळ्यांनी नेहमीप्रमाणे पाव, भात, बिअर आणि आळशीपणा यांच्यावर खापर फोडलं. खोटं नाही ते. पण त्या २६.४ टक्क्यांपैकी किती जणांचा हिशोब आईच्या पोटातच सुरू झाला असेल, हे मला कुणी बोलताना दिसलं नाही.

हे बोलणारा माणूस मात्र आपल्या पुण्याचाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांना त्यांनी १९९३ पासून, गरोदर राहायच्या आधीपासून, फॉलो केलं आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत सोडलं नाही. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. साहजिकच वाटेल की आपली बारीक. पण मोजल्यावर निघालं की हातपाय, स्नायू, सगळं कमी, चरबी मात्र त्या मानानं फार कमी नाही, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त. बारीक दिसणारं पण आतून जाड बाळ. याज्ञिकांचा स्वतःचा फोटोही आहे एक, त्यांच्या एका इंग्लिश सहकाऱ्याशेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत २२.३, पण इंग्लिश माणसाच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या २१.२. स्वतःला असं उघडं पाडायला धीर लागतो हं.

याच खेड्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या आयांच्या रक्तात बी१२ हे व्हिटॅमिन कमी आणि फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या घरातलं व्हिटॅमिन, जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. फोलेट मज्जारज्जूसाठी लागतंच, ते बंद करा असं कुणी म्हणत नाहीये, पण बी१२ शिवाय नुसतं फोलेट म्हणजे जोडी जुळत नाही. आम्ही नुस्तेखाऊ, म्हणजे मासे खाणारी माणसं, आमचं बी१२ बरं असेल असा माझा आपला समज. पण आईचं तेव्हा किती होतं हे कुणाला ठाऊक, आणि तिचे सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण धरले तर नुस्तं कितीसं पोटात जात होतं हाही प्रश्नच.

इथवर मी हे सगळं शहाण्यासारखं वाचत होते. मग ज्येष्ठमध आलं.

आमच्या घरात ज्येष्ठमधाचा तुकडा म्हणजे औषधातही धरत नाहीत. घसा बसला, तोंडात धर. खोकला, उगाळून चाट. मला सहाव्या महिन्यात खोकला झाला होता, ॲलोपॅथीचं काही घ्यायला भीती वाटत होती, म्हणून मी दिवसभर काडी चघळायचे. तर फिनलंडमध्ये लोक ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या भरपूर खातात, आणि तिथे १९९८ मध्ये जन्मलेल्या मुलांवर काम झालंय. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन नेमकं त्या नाक्यावरच्या एन्झाइमला झोपवतं, आणि मग कॉर्टिसॉलच्या बाटल्या सुखरूप पलीकडे. ज्या आया खूप ज्येष्ठमध खायच्या, आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त ग्लायसिरायझिन जाईल इतकं, त्यांची मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास बुद्धीच्या चाचण्यांत सरासरी सात गुणांनी मागे होती आणि मुली लवकर वयात येत होत्या.

मी लगेच उठून मुलीच्या खोलीत जाऊन आले. झोपली होती, तोंड उघडं टाकून.

तसं पाहिलं तर हा एका देशातला अभ्यास आहे, आयांनी सांगितलेल्या खाण्यावरून केलेला, आणि चार दिवस काडी चघळणं म्हणजे काही ते प्रमाण नव्हे. सगळं कळतं मला. पण त्या रात्री लक्षात आलं की हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एक खटला चालू आहे आणि त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी एक बाईच उभी आहे. कधी आई, कधी मी. बातम्यासुद्धा बघा, "गर्भवतींनी हे टाळावं", "आईच्या या चुकीमुळे". चूक? त्या अमेरिकन बायकांनी डॉक्टरनं दिलेली गोळी घेतली होती, मूल हवं होतं म्हणून. माझ्या आईनं पुडी उघडून रोज एक गोळी घेतली, एकही न चुकवता, कारण आधीचं गेलं होतं. डीकमनचा निकाल अठरा वर्षं बाजूला ठेवणारे कोण होते? त्यांना कुणी विचारतं का, की तुम्ही सहाव्या महिन्यात काय चघळत होतात?

आणि हार्मोन म्हणजे नुसतं संकट असंही नाही. माझ्या मावसबहिणीचं बीपी एकतिसाव्या आठवड्यात एवढं चढलं की तिला रातोरात बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात हलवलं. तिथे तिला बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली, डेक्सामेथासोन, सहा-सहा मिलिग्रॅम. हे कॉर्टिसॉलचंच चुलत भावंड, पण नाक्यावरचं ते एन्झाइम याला फारसं अडवू शकत नाही, म्हणूनच निवडलेलं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात त्यानं. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते, बाळंतपण सुरू कशानं होतं ते शोधत, आणि हे हार्मोन दिलेलं एक कोकरू इतक्या आधी जन्मलं की ते जगायलाच नको होतं, तर ते श्वास घेत होतं! त्यावरून त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गरोदर बायकांवर चाचणी केली, १९७२ मध्ये छापली. पुढे कळलं की हे इंजेक्शन देऊनही ज्यांची बाळं शेवटी पूर्ण दिवसांची होतात त्यांच्यासाठी ते तितकंसं निरुपद्रवी नाही, म्हणून लवकर डिलिव्हरीची खरी शक्यता असेल तेव्हाच देतात. बहिणीचा मुलगा १ किलो ४०० ग्रॅमचा होता. आता बालवाडीत जातो आणि दुसऱ्यांचे डबे खातो.

तिच्या फाइलमध्ये त्या चारही इंजेक्शनांच्या वेळा लिहिलेल्या आहेत, मिनिटासकट. मी मुद्दाम बघितल्या.

यंदा चवथीला, म्हणजे गणपतीत, आम्ही सगळे वाळपईला होतो. धाकट्या भावाची बायको गरोदर आहे, तिसरा महिना. दुपारी खतखतं, पातोळ्या, सगळं जेवण झाल्यावर ती पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून एक गोळी फोडत होती आणि आई समोरून ताटं उचलत होती. आई थांबली. ताटं खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि तिच्या तळहातावरची गोळी चिमटीत उचलली. बारीक, पिवळी.

"हीच ती," आई म्हणाली.

मी स्ट्रिप उलटी करून वाचलं. फॉलिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम.

इतके महिने मी त्या गोळीच्या मागे लंडन, शिकागो, बॉस्टन फिरून आले होते. मला हसू येणार होतं, तेवढ्यात आई गोळी घेऊन दारापाशी उजेडात गेली, टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभी राहून डोळे बारीक करून तिनं ती बघितली, नखानं फिरवून बघितली.

"न्हय गो. ती मातशी फिकी आशिल्ली."

मग तिनं ती गोळी परत सुनेच्या हातावर ठेवली आणि पाणी आणायला आत गेली. मी स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवला, बॅच नंबर दिसेल असा.